सगळ्यांना दिसणारे फोटो

मंगळवार, संध्याकाळ

ॲपने परस्पर सेटिंग बदललं आणि फक्त मैत्रिणींसाठी ठेवलेले माझे फोटो सगळ्यांना दिसायला लागले. कारखान्यातल्या बायकांचंही तेच झालं होतं, दिवसभर त्या त्यावरूनच चिडल्या होत्या. मला राग का आला नाही?

घरी येऊन मी ते सेटिंग बंद करायला बसले, तेवढ्यात जेऊरहून अण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोन. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ते माझ्याशी चार वर्षं बोलले नव्हते.

"तुझ्या पोरीचा फोटो बघितला. लई बारीक हाय की. जेवती का न्हाय?"

"जेवते," एवढंच मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

रडू आलं नाही. बरंही वाटलं नाही. चार वर्षं...

पोरीला भात भरवताना एक फोटो काढला. कुणाला दाखवायचा, ॲपने विचारलं. 'सर्वांना' दाबलं.