दाजींच्या बियरशेजारी माझी बियर

थोरली बहीण एडना हिस,

धाकट्या विल्फचा नमस्कार. तुझा गुडघा आणि दाजींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (मेव्हिस विचारते, तिने पाठवलेलं बीटाचं लोणचं खाल्लंत की नुसतंच फळीवर ठेवलंत?) आमच्या तब्येती ठीक. झोप तेवढी उडाली आहे.

झालं असं की मी घरी बियर केली. बियरच्या तयार सामानाचं किट आणण्याआधी क्लिफर्ड दाजींचा सल्ला घेतला, कारण एवढा अनुभवी माणूस घरात असताना परस्पर किट आणलं असतं, तर साऱ्या हॅलिफॅक्सला ते ऐकावं लागलं असतं. दाजींनी मला शेडमध्ये नेऊन दार लावून घेतलं. म्हणाले, "हे बघ विल्फ, एका डब्याचं किट घ्यायचं, सगळ्यात स्वस्त. साखर लिहिलीय त्याच्या दुप्पट ओतायची. आणि लगेच बाटल्या भरायच्या. वाट बघत बसतात ती येडी." मी मान डोलावली आणि दुकानातून दोन डब्यांचं उचललं. त्यात साखर घालावीच लागत नाही आणि सूचना एका पानात संपतात (मला वाचायचा किती कंटाळा ते तू जाणतेस). मिश्रणाची बादली आंबायला गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात ठेवली आणि चक्क विसरलो. टॉवेलांना वास यायला लागला तेव्हा मेव्हिसने आठवण करून दिली, मग बाटल्या भरल्या.

काल पहिली उघडली. एडनाताई, बियर चांगली झाली आहे. कशीबशी गिळण्याजोगी नव्हे, खरोखर चांगली. मेव्हिसने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "आता क्लिफर्डचं काय करायचं?" म्हणाली.

इतकी वर्षं नाताळच्या जेवणाला आपण दाजींची बियर पितो आणि "यंदा आणखी छान उतरलीय" म्हणतो. (मी श्वास रोखून पितो. तू सरळ सिंकमध्ये ओततेस, मी पाहिलं आहे.) गिरणी बंद पडल्यापासून त्या माणसाचं कौतुक होतं ते ह्या एकाच गोष्टीचं. आणि यंदा त्यांनी जाहीर करून टाकलंय, गुरूची आणि चेल्याची बियर टेबलावर शेजारी शेजारी मांडायची. आपण तोंडाने खोटं बोलू गं, पण चेहऱ्यांचं काय? माझी बियर प्यायल्यावरचे चेहरे त्यांना दिसले, की मागचे सगळे नाताळ त्यांना एका क्षणात कळतील. माणूस खचून जाईल. मला खरंच भीती वाटते आहे.

कळावे, लोभ आहेच, तो नाताळनंतरही राहावा.

तुझा,
विल्फ

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की दाजींच्या बियरच्या बारा बाटल्या गुपचूप पाठवून दे. मी त्या माझ्या म्हणून मांडीन. दोन्ही ग्लासांत त्यांचीच बियर असली की सामना बरोबरीत सुटेल.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच दाजी दारात. मेव्हिसने गडबडीत त्यांना माझीच ओतून दिली. दोन बाटल्या प्यायले. मग म्हणाले, "माझी घाण होते रे. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण एडनाचा ग्लास सगळ्यांच्या आधी रिकामा होतो. तिच्यासाठी करतो झालं. तिचं मन कसं मोडू?" बाटल्या पाठवू नकोस. हे तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे, तेव्हा मी तुला काहीही सांगितलेलं नाही.