खोटे तीन दिवस

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८१०. कल्याण.

दुखतंय! कमरेपासून थेट मानेपर्यंत. शकू झाली त्या बाळंतपणापासून हे असंच, चौथं वर्ष. आज वैद्यबुवा आले. मी दाराआड उभी. त्यांनी ओटीवरून विचारलं, "बाईंचं मन कसं असतं?" मी तोंड उघडायच्या आत इकडून उत्तर देणं झालं — "मनाला काय धाड भरलीय!" (नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, कागदावरसुद्धा!) कुठे दुखतं, कधी दुखतं, ते रोज लिहून ठेवा, वैद्यबुवा म्हणाले. तेव्हा लिहिते.

शुद्ध ६

आठ घागरी पाणी. चौथ्या घागरीला डोळ्यांपुढे काजवे. मी वाकून उभी राहिले तर सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुणाला पाठच नव्हती वाटतं!"

शुद्ध ९

तेच.

शुद्ध १३

आज एक लक्षात आलं. गेल्या पंधरवड्यात बाहेरची बसले होते, त्या तीन दिवसांत पाठ निम्मीच दुखली. कुणी शिवत नाही, कामाला हाक मारत नाही, ताट लांबून सरकवतात — आणि मला बरं वाटतं! काय हे जिणं. विटाळ आला की विसावा, नाहीतर नाही.

वद्य ४

आज खोटी बसले.

"कावळा शिवला" म्हटलं. सासूबाईंनी नुसतं पाहिलं आणि पदर खोचला. मला वाटलं होतं, पापाची भीती वाटेल. छे! पडवीच्या भिंतीला पाठ टेकली आणि रडूच फुटलं. कशाचं ते कळेना. दुःख म्हणावं तर तेही नव्हे. बऱ्याच वेळानं कळलं — राग होता तो! चार वर्षांचा. सगळ्यांचा. मी आपली पाठ, पाठ करत होते. आता राग कळला म्हणून पाठ थांबलीय असंही नाही. आत्ताही ठणकतेय.

वद्य ५

शकूला ताप. धडपडत पडवीपर्यंत आली, "आई, घे." इकडून ओरडणं झालं — "शिवू नकोस तिला! आंघोळ घालावी लागेल, तापात!" मी हात मागे घेतले. माझेच हात! खोटं आहे सगळं, एवढं म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. सासूबाईंनी तिला उचलून आत नेलं.

किती भ्याड आहे मी.

वद्य ६

ताप चढलाय. सकाळपासून बरळतेय. दुपारपर्यंत "आई, आई" चाललं होतं. नंतर "आजी" म्हणू लागली.

ते ऐकलं आणि उठले. सरळ आत गेले. तिला उराशी धरलं. भाजत होती पोर. इकडून — "वेड लागलं काय!" मी म्हटलं, "मी बाहेरची नाही. खोटं बोलले. पाठ दुखत होती, पडून राहायचं होतं."

थोड्या वेळानं इकडून ओटीवर निघून जाणं झालं. शकू माझ्या मांडीवर झोपली. पाय मुंग्यांनी बधिरले, पण हलले नाही.

वद्य ७

ताप उतरला. पेज प्यायली. इकडून माझ्याशी अजून एक शब्द नाही.

वद्य ८

सासूबाई चुलीपाशी होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पंधरा दिवसांत कुणी पुन्हा बसतं का?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुला उठावं लागलं असतं." त्यांनी फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आता त्यानं ऐकलंय, पोरी. आता खरी बसलीस तरी तो विचारील, खरं की खोटं."