मोठ्यांपुढे फ्रेंच बोलताना

नईम, मनामा
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईस,
विशाखाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं. म्हणून सुट्टीवर निघालेल्या कैलासदादाच्या हाती हे पत्र देते.

मी वर्षभर फ्रेंच शिकतेय. हसू नकोस. इथे बहारीनला नर्सची नोकरी आहे तोवर व्हिसा, नोकरी गेली की खलास. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात फ्रेंच चालते. परीक्षा पास झाले तर तिथे कायमचं राहायला अर्ज करता येईल, पुढेमागे तुलाही नेता येईल.

शिकवते माझ्याच वॉर्डातली सुरैया. ती ट्युनिशियाची. तू अरब, तुला फ्रेंच कशी, असं मी विचारलं. ती म्हणाली, फ्रेंचांचं राज्य गेलं, भाषा राहिली, तुमच्याकडे इंग्रजी राहिली तशीच. रोमन शिपाई नि व्यापारी बाजारात जी लॅटिन बोलायचे, ती बोलता बोलता फ्रेंच झाली म्हणे. आपली मराठी प्राकृतातून आली, तसंच की. आणि आता फ्रान्सपेक्षा बाहेरच ती बोलणारे जास्त, त्यातही आफ्रिकेत.

गोळ्या वेळेवर घे. लेकीवर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
विशाखा


कडवई, ता. संगमेश्वर
२ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

कैलासने खजूर नि पत्र दोन्ही पोचवलं. खजूर गोड निघाला, पत्र काही गोड लागलं नाही. बहारीनला गेलीस तेव्हा मनाला समजावलं, की विमानात बसली की जेवणवेळेला पोर घरी. आता त्या बर्फात कुठे निघालीस गो? इथल्या थंडीत तुझं नाक गळायचं. आणि मला नेऊन तिथे मी कोणाशी बोलू, भिंतीशी?

सरळच सांगते, मला हे पसंत नाही. पण हातात घेतलंस तर अर्धवट टाकू नकोस. सुरैयाला कोकमं पाठवतेय, शिकवायचे कष्ट घेते बिचारी. तिला सार करून घाल.

खुशाली लिहीत जा, आईला परकी करू नकोस.
तुझी आई,
मथुरा


नईम, मनामा
२० एप्रिल २०२५

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

वाचन, लेखन, ऐकणं सगळं जमलं. तोंडी परीक्षेत आपटले.

परीक्षक बाई तुझ्याच वयाच्या, केस पांढरे. त्या माझी मैत्रीण आहेत असं धरून, माझ्याबरोबर दुसऱ्या गावी राहायला चला, असं मी त्यांना पटवायचं होतं. त्या नाही म्हणणार, मी वाद घालायचा. त्या म्हणाल्या, गुडघे दुखतात. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. त्या म्हणाल्या, गाव फार लांब आहे. मी म्हटलं, हो, लांबच आहे. त्या कारणं देत गेल्या आणि मी मान डोलवत गेले. शब्द येत होते गं, पण मोठ्या माणसाला उलट बोलायचं म्हटल्यावर जीभच उचलेना. ऐकून सुरैया आधी पोट धरून हसली, मग चिडली.

परत बसता येतं. पण तुलाही पसंत नव्हतंच. सोडून द्यावं म्हणते.

नापास लेकीलाही तुझ्या जवळ जागा असू दे.
विशाखा


कडवई
९ मे २०२५

चि. विशाखा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोर लांब जात नाही, म्हणून त्या दिवशी मी शिरा करून खाल्ला. मग पुन्हा वाचलं आणि उरलेला शिरा झाकून ठेवला. मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, हे तुला मीच शिकवलं. आपल्या घरात ते चाललं. पण तेवढ्यापायी तुझा रस्ता अडलेला मला चालणार नाही.

तेव्हा परत बस, आणि सराव माझ्यापुढे कर. कैलासच्या बायकोबरोबर रत्नागिरीला जाऊन मी कानाचं मशीन घेऊन आलेय. रविवारी फोन कर. मी म्हणणार, जाऊ नकोस. लांब आहे, थंडी आहे, मी इथे एकटी आहे. हे परीक्षेतलं नाटक नाही, मला खरंच तसं वाटतं. तू मला फ्रेंचमधून पटवायचं. मला एक अक्षर कळणार नाही. पण मधेच मान डोलवायला लागलीस, तर तुझ्या आवाजावरून मला ओळखता येईल. मग मी तुला आणखी जोरात अडवीन.

माया आहेच, ती भांडून काही कमी होत नाही.
रविवारी भांडायला बसलेली,
तुझी आई