चौदा की अठ्ठ्याण्णव

ती. काका,

नमस्कार. आधी घटनाक्रम देते, विचारपूस नंतर करते. तुम्हीही गणित तपासताना आधी उत्तर बघायचात आणि मग पायऱ्या.

१. ३ तारखेला मीटर वाचणारे गृहस्थ आले. घराला कुलूप होतं. त्यांनी दारावर चिठ्ठी लावली: आकडा लिहून इथेच चिकटवणे, उद्या फोटो काढून नेईन.
२. त्याच संध्याकाळी मी मीटर वाचलं, आकडा लिहिला आणि चिकटवला.
३. ११ तारखेला बिल आलं. एका महिन्याचा वापर ८४,१४५ युनिट (अक्षरी चौऱ्याऐंशी हजार एकशे पंचेचाळीस). एरवी दीडशेच्या आत असतो.
४. २४ तारखेला, मंगळवारी, वीज तोडणार आहेत.
५. माझ्याकडून कोणतीही चूक झालेली नाही.

आता विचारपूस. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंना ताईकडची हवा मानवली का? इथे घर नीट आहे, नळ गळत नाही आणि हेडमास्तर मजेत आहेत. हेडमास्तर म्हणजे तुमचा काचेच्या टाकीतला मासा, जो दिवसभर तोंड उघडतो-मिटतो पण बोलत नाही, म्हणून काकूंनी हे नाव ठेवलं. (हे तुम्हाला माहीत आहे. पण हे पत्र कदाचित वीज कार्यालयात जोडावं लागेल, म्हणून सगळं उलगडून लिहिते आहे.) त्यांच्या टाकीत हवेचा पंप आहे आणि पंप विजेवर चालतो. मंगळवारी नेमकं काय पणाला लागलं आहे, हे यावरून लक्षात येईल. घर सोपवताना तुम्ही मला एवढंच म्हणाला होतात, "बाकी काही मोडलं तरी चालेल, ह्याला जप."

बिल पाहून मी घाबरले नाही. मी वजनकाटे तपासून प्रमाणित करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे आकडा चुकीचा दिसला तर घाबरायचं नसतं, उपकरण तपासायचं असतं. आधी हिशेब केला. महिनाभरात एवढी वीज जाळायची, तर घरात अठ्ठावन्न गिझर रात्रंदिवस चालू हवेत. मी मोजले. एक आहे. नेहमीच्या दराने एवढी वीज वापरायला आपल्याला अठ्ठेचाळीस वर्षं चार महिने लागले असते. हे मी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींना सांगितलं, तर त्या मशीन न थांबवता म्हणाल्या, "अगं, मग झालं की. पुढची अठ्ठेचाळीस वर्षं बिल नाही." नंतर त्यांनीच शंका काढली की भिंतीतून कुणीतरी वीज पीत असणार. मला ते पटलं नाही, पण शंका आली की ती तपासायची, ही सवय तुमचीच. म्हणून रविवारी दुपारी चार ते पाच मी घरातली प्रत्येक वस्तू बंद करून मीटरच्या लाल दिव्यासमोर स्टूल टाकून बसले. दिवा तासाभरात एकदाही लुकलुकला नाही. म्हणजे भिंत निर्दोष. (त्या तासात टाकीचा पंपही बंद होता. हेडमास्तरांना मी सायकलच्या पंपाने हवा दिली, मिनिटाला बारा दाब, आणि पाण्याच्या तापमानाची दर दहा मिनिटांनी नोंद ठेवली. त्यांनी सगळा वेळ माझ्याकडे तोंड उघडून पाहिलं. पण ते एरवीही तसंच पाहतात, त्यामुळे यावरून काही निष्कर्ष काढता येत नाही.)

त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, माझ्या तक्रारीवरून तपासनीस येऊन गेले होते. सभ्य माणूस. चपला बाहेर काढल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडायची परवानगी मागितली. घरात छोटा कारखाना वगैरे आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मग ते टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे काय?"

"मासा."

"पाणी गरम लागतं?"

"कोमट. पन्नास वॅटचा हीटर आहे."

त्यांनी वहीत लिहिलं: हीटर आहे. वॅट लिहिले नाहीत. मग मीटर पाहिलं. त्यावर चौदा हजार दोनशे सेहेचाळीस होते, आणि ते मी त्यांना समाधानाने दाखवले. मला वाटलं, विषय संपला. प्रयोगशाळेत इथेच संपला असता. कार्यालयात इथून सुरू झाला. कारण त्यांच्या नोंदीप्रमाणे ४ तारखेला मीटर अठ्ठ्याण्णव हजारांवर होतं आणि १३ तारखेला चौदा हजारांवर. त्यांच्या भाषेत ह्याला मीटर मागे फिरवणं म्हणतात, आणि तो गुन्हा आहे. मीटर तुमच्या नावावर आहे. त्यामुळे, काका, संशयित तुम्ही आहात. (मी सांगितलं की काका दहा महिन्यांपासून दुसऱ्या गावी आहेत. कारकून म्हणाले, "असं सगळेच म्हणतात.")

काल सोमवारी मी रजा टाकून दोन नंबरच्या खिडकीवर गेले आणि माझ्या चिठ्ठीचा फोटो बघायला मागितला. कारकुनांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"मग वाचा मोठ्याने."

मी वाचलं, चौदा हजार दोनशे तीन. त्यांनी वाचलं, अठ्ठ्याण्णव हजार दोनशे तीन. आम्ही दोघं एकच चिठ्ठी वाचत होतो.

काका, मी आकडा मराठीत लिहिला होता. नोकरीत मी दिवसभर इंग्रजी आकडेच लिहिते. पण घरी हातात पेन्सिल आली की हात तुम्ही घालून दिलेल्या वळणानेच जातो, त्याला मी काही करू शकत नाही. मराठी एक मुळातच इंग्रजी नवासारखा दिसतो. आणि मराठी चाराचं वरचं तोंड घाईत मिटलं की त्याचा इंग्रजी आठ होतो. मी हे कारकुनांना समजावलं. ते म्हणाले, "मग पुढचे दोन, शून्य, तीन बरोबर कसे वाचले मी?" कारण ते दोन्हीकडे जवळपास सारखेच दिसतात, असं मी म्हणाले. म्हणजे पाच साक्षीदारांपैकी तीन दोन्ही पक्षांना सामील होते. तोवर मागच्या रांगेतले लोक पडद्याशी जमले होते. एका आजोबांनी सरळ हात वर करायला लावले. चौदाच्या बाजूने चार, अठ्ठ्याण्णवच्या बाजूने सात. एक बाई म्हणाल्या, "मुलगी शिकलेली दिसते, पण अक्षर डॉक्टरचं आहे."

शेवटी आतल्या खोलीतल्या साहेबांनी तोडगा काढला. मी लहानपणापासून एक आणि चार असेच काढते, हे सिद्ध करायचं. त्यासाठी हस्ताक्षराचा जुना नमुना हवा, शिक्षकाच्या सहीचा. मी म्हणाले, माझे शिक्षक आणि तुमचे संशयित एकच आहेत. त्यांनी थोडा विचार केला आणि ते म्हणाले, चालेल.

तेव्हा तुमच्या ट्रंकेत माझी दुसरीतली निळ्या पुठ्ठ्याची पाढ्यांची वही असेल. तुम्ही ती टाकली नसणार, तुम्ही काहीच टाकत नाही. पहिल्या पानावर निवृत्त शिक्षक म्हणून सही करून ती पाठवा. काकूंना नमस्कार, ताईला आठवण.

तुमची पुतणी

ता. क. वहीचं तेरावं पान पाठवू नका. त्यावर चौदाचा पाढा आहे आणि खाली तुमचा लाल शेरा आहे: "चार नीट काढ. आठ वाटतो. एक दिवस महागात पडेल." वर दिलेलं कलम ५ खोडलेलं समजावं.

ता. क. २. तुमचं मागचं पत्र तीन आठवडे उशिरा मिळालं. आपल्या रस्त्याच्या पार टोकाला अठ्ठ्याण्णव नंबरच्या घरात एक दाढीवाले सुतार राहतात, त्यांनी ते आणून दिलं. पाकिटावर तुम्ही स्वतःच्या हाताने १४ लिहिलं आहे, माझ्यासारखंच. ते पाकीट मी कालच पुरावा म्हणून खिडकीवर दाखवलं. कारकुनांनी अठ्ठ्याण्णव वाचलं आणि ते आपल्या बाजूने जोडून घेतलं.

ता. क. ३. म्हणून ह्या वेळी पाकिटावर घराचा नंबर अक्षरांत लिहा. वही शनिवारपर्यंत, म्हणजे एकवीस तारखेपर्यंत, माझ्या हातात पडायला हवी. जमणार नसेल तर तसं त्याआधी कळवा, म्हणजे मी रविवारपासून अडकत असलेला सायकलचा पंप दुरुस्त करून घेईन.