खाडीला लावलेलं विरजण

चि. हर्षद यास,

प्रणालीताईचे आशीर्वाद. सध्या अर्धेच पाठवते आहे. उरलेले पत्राच्या शेवटी, माझी खात्री पटली तर. तुझी सर्दी कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक दिसतंय, आणि माझी चिंता तिथूनच सुरू होते. फोन केला की तू "ताई, विज्ञान आहे ते" म्हणून गप्प करतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आहे, हे तुला सांगायला नको. त्याच्या घाण पाण्यात जिवाणू सोडून ते स्वच्छ करायचं काम तूच घेतलंस. त्याआधी खाडीच्या रंगावरून आम्हाला वार कळायचा (सोमवारी हळदी, गुरुवारी जांभळी). तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेत उभं राहून मीच म्हणाले, की या खाडीतली कालवं कुणी खाऊ नयेत. शाळेतल्या बाई सांगतायत म्हणून लोकांनी ऐकलं. (कचऱ्याचं सांगते तेव्हा ऐकत नाहीत.) बोलले ते बरोबरच होतं, पण त्या दिवसापासून खडकांवरून कालवं काढणाऱ्या आपल्या काशीच्या टोपलीकडे कुणी फिरकलं नाही. आता ती रेवदंड्याहून सुकट विकत घेते आणि रिक्षाने अलिबागला नेऊन विकते. गेल्या महिन्यात ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाय, तुज्या तोंडानं गिऱ्हाईक ग्येलं, तुज्याच तोंडानं परत येल. पानी चांगलं झालं म्हंतान ना? मंग येका शनवारी बाजारात बस आन् माज्या हातचं कालव खा."

आता सांग, संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? मी कारखाना बघायचं ठरवलं आणि संधी चालून आली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'कारखान्यात कल्चरचा कार्यक्रम, सर्वांनी यावे.' कल्चर म्हणजे तुझ्या जिवाणूंचं बियाणं, हे आमच्या महिला मंडळाला कुठून माहीत असणार? सतरा बायका नऊवारी नेसून, गौरीची गाणी घोकून आल्या आणि नाकाला पदर लावून फेसाळ पाण्याच्या टाक्या बघून परतल्या. सगळं ऐकून काशी एवढंच म्हणाली, "म्हंजे पान्याला विरजान लावतान." तुझ्या चाळीस पानी माहितीपत्रकापेक्षा मला हे लवकर कळलं. पण संशय वाढलाच, कारण विरजण नासतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिथे टाक्या सांभाळणारा सदा नावाचा मनुष्य गोड आहे. (गोड माणसांबद्दल माझं मत तुला माहीत आहे.) टाकीत तपकिरी पाणी ढवळलं जात होतं, अगदी मिसळीच्या कटासारखं, आणि तो त्यात गूळ ओतत होता. म्हणे गणपतीत कारखाना पाच दिवस बंद होता, घाण आली नाही, म्हणून बिचारे जिवाणू उपाशी राहिले. घाण मिळाली नाही म्हणून उपाशी! शेवटी त्याने काचेची टाकी दाखवली. स्वच्छ केलेलं पाणी त्यात सोडतात आणि पाच चिलापी मासे आरामात फिरत असतात. मासे जिवंत, म्हणजे पाणी चांगलं. मला वाटलं, रोज नवे मासे आणून सोडायला कितीसा वेळ लागतो? म्हणून सदा चहा सांगायला गेला तेवढ्यात मी एका माशाला खूण करून ठेवली. (कशी, ते आत्ता विचारू नकोस.)

आठ दिवसांनी अचानक गेले, तर खुणेचा मासा गायब! टाकीत चारच. सगळ्या कामगारांसमोर मी सदाला सुनावलं, की तुम्ही मासे बदलता. तो रडवेला झाला. "मॅडम, त्याची शेपूट झडायला लागली होती. घरी नेलाय." असल्या थापा मी वर्गात रोज ऐकते. तडक त्याचं घर गाठलं. न्हाणीघरात प्लास्टिकच्या टबात, हळदीच्या पाण्यात, तो मासा. सदाची बायको रुचिका टॉवेल घेऊन उभी. "ताई, ह्याच्यापायी चार दिवस आम्ही मागल्या दारी आंघोळ करतोय!" वर कळलं, की शेपटीची भीती वाटून सदाने आठ दिवस खाडीकडे पाण्याचा थेंब सोडला नव्हता आणि तुला रविवारी ठाण्याहून धावत यायला लावलं होतं. एवढी काळजी करणाऱ्या माणसावर संशय घेणं मला फार जड गेलं. तरी घेतला.

तुझी,
प्रणालीताई

ता. क. : तुझ्या अहवालात 'शेपूट झडण्याचे कारण अज्ञात' असं लिहिलं आहेस म्हणे. कारण माझ्या पर्समधलं नेलकटर. सदाला तू सांग, माझ्याच्याने होणार नाही. रुचिकाला सांगूच नकोस.

ता. क. २ : मासा जगला म्हणजे मासा जगला. कालव एका जागी चिकटून वर्षानुवर्षं तेच पाणी पितं. म्हणून सोबतच्या बर्फाच्या डब्यात काशीने काढलेली वीस कालवं आहेत. पाणी नको, ती तपासून घे. येत्या शनिवारच्या बाजाराआधी. पत्र खरं यासाठीच होतं.

ता. क. ३ : डबा द्यायला काशी आत्ता आली होती. मी म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत तूही खाऊ नकोस हो. ती हसली. "तीन वर्सं खाताव की आमी. इकायची बंद झाली म्हून खायाची बी सोडू का काय?"

तिने मला आजवर सांगितलं नव्हतं, आणि सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मलाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं. हर्षद, रिपोर्ट चांगला आला तर मी भर बाजारात खाईन. वाईट आला तर आधी तिला घेऊन डॉक्टरकडे जाईन. काय असेल ते लपवू नकोस. उरलेले अर्धे आशीर्वाद आत्ताच घे, खात्री पटायची वाट बघत नाही.