साडूची स्वच्छ वीज

३ मार्च

साडूने डबा आणला! विजेचा डबा. भिंतीतून येते ती वीज म्हणे मळकी. ती या डब्यातून गाळून निघते आणि मग स्टिरिओला मिळते. पॉवर कंडिशनर म्हणतात. हिने विचारलं, "केसांना लावतात तो?" मी हसलो नाही. चाळीस वर्षं पंपांच्या मोटारी रिवाइंड केल्या, जळकी तार काढून नवी गुंडाळली, मला विजेत मळ दिसला नाही. याला बँकेच्या काउंटरमागे बसून दिसला!

४ मार्च

छातीत धडधड. डॉक्टर म्हणतो बीपी. बीपी कसलं — साडू!

७ मार्च

काल ही बहिणीकडे गेली ती तीन तास तिकडेच. आल्यावर म्हणते, "भाऊजींकडे गाणं काय स्वच्छ येतं हो! शब्दन् शब्द कळतो." चेहरा उजळलेला. लग्नानंतर मी तिला रेडिओ जोडून दिला होता, तेव्हा माझ्याकडे बघून असाच उजळला होता. आता आमच्या घरचा स्टिरिओ ती लावतही नाही.

११ मार्च

माळ्यावरून जुना ट्रान्सफॉर्मर काढला. तार उकलून नवी गुंडाळली. फेरे मोजताना दोनदा चुकलो. पण जमलं! फ्रिज सुरू झाला की स्पीकरमधून टक् यायचं, ते गेलं. स्टिरिओची पिन लावतो त्या प्लगच्या पट्टीला अर्थिंग नव्हतं, तेही दिलं. हिला बोलावून बसवलं. "कसं वाटतं?" "छान आहे." मान वर नाही. हातात भाजी.

१४ मार्च

आज पुन्हा गेली. सांगून गेली, हे खरं.

१६ मार्च

आज नको ते केलं. साडूकडे जेवायला बोलावलं होतं. सगळे स्वयंपाकघरात होते. मी स्टिरिओची पिन डब्यातून उपसली आणि सरळ भिंतीत खुपसली. डब्याचा निळा दिवा चालूच!

जेवणं झाल्यावर गाणं लागलं. साडू डोळे मिटून — "ऐका साडूभाऊ, ऐका. रिवाइंडिंगवाल्यांना नाही कळायचं हे!" मेहुणी म्हणाली, "फरक आहे बाई, आहेच." मला हसू दाबता येईना, पाण्याचा ठसका लागला. मग हिच्याकडे पाहिलं. मान डोलवत होती. डोळ्यांत पाणी.

मळकीच वीज होती ना ती! आमच्या घरी येते तीच. ठसका थांबला. डब्याने होत नाही, मग कशाने? साडूने?

१७ मार्च

सकाळी चहाच्या वेळी हिला सगळं सांगून टाकलं. "पिन मी काढली होती. डबा नुसता शोभेला." वाटलं, चिडेल. बशी खाली ठेवून म्हणाली, "मला काय करायचंय त्या डब्याशी!"

"मग कशाशी करायचंय?" — आवाज चढला माझा. ती उठून गेली.

१८ मार्च

आज आपणहून बोलली. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं! साडू तिची खुर्ची वळवून उजवा कान स्पीकरकडे करून देतो, एवढंच.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही 'हूं' म्हणालात."