नावासकट लिहिलं, मामा

प्रिय मामा, जयभीम.

काल तिसगावात तुमचा पहिला स्मृतिदिन झाला. तुमची लेक सुनंदा तिकडे जाऊन आली, मी नाही. तुमच्या मुलाने, मिलिंदने, फोन करून सांगितलं होतं, "दाजी, तुमी येऊ नका." मी दिवसभर नगरला दुकानात बसून लोकांच्या लग्नपत्रिका टाइप केल्या. जावई असून तुमच्या फोटोला फूल वाहता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

घडलं ते आधी सांगतो. नगरला आता इंटरनेट आलंय. कॉम्प्युटरवर आपण एक पान ठेवायचं आणि जगात कुणीही ते उघडून वाचायचं. मी असं पान सुरू केलं. त्यात मराठी अक्षरं नीट उमटत नाहीत, म्हणून मजकूर दुकानात टाइप करतो आणि त्याचं चित्र करून चढवतो. सुनंदाला सांगून केलं. ती "बघा" म्हणाली, वाचायला मात्र आली नाही.

पहिल्याच ओळीत लिहिलं, 'मी प्रकाश. नगरला राहतो. मी समलिंगी आहे आणि माझं लग्न झालेलं आहे. बायकोला हे माहीत आहे.'

कुठल्याशा गावाहून एकाचं उत्तर आलं. 'माझंही लग्न झालंय. तुम्ही बायकोला कसं सांगितलंत?'

काय कळवू त्याला? लग्नाला काही वर्षं झाली, मूल नाही. दोष सुनंदाचाच, असं सगळे धरून चालले होते. एक दिवस ती दवाखान्यातून औषधाच्या बाटल्या घेऊन आली आणि मला ते बघवेना. सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीने तुमच्याकडे आली, आणि मग तुम्ही तिला घेऊन आमच्याकडे आलात.

चहाला हात लावला नाहीत. "ह्यो आजार हाय का?" एवढंच विचारलंत.

"नाही मामा."

"मंग लगीन का केलं?"

घरच्यांनी ठरवलं होतं. मला वाटलं होतं, होईल सगळं सुरळीत. हे काय तोंड वर करून सांगणार?

सुनंदा म्हणाली की ती राहणार आहे. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "मी जित्ता हाय तवर कुनाला बोलू नगं. माझ्या लेकीला लोक खाऊन टाकतील."

मी हो म्हणालो, आणि पाळलं.

पण मामा, आमच्या लग्नाच्या बैठकीत तुम्हीच सांगितलं होतंत ना? तुम्ही धम्म घेतलात तेव्हा काही मळेवाल्यांनी तुमचं काम बंद केलं. कुणीतरी समजावलं की मनात ठेवा, बोलून कशाला दाखवता. तुम्ही म्हणालात, "मनात ठिवायला चोरी केलीय व्हय?" मग मलाच का मनात ठेवायला लावलंत? बापाला आधी लेक दिसते, हे मला कळतं. तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

पानाच्या छापील प्रती कुणीतरी काढल्या. फिरत फिरत त्या तिसगावला पोचल्या. मिलिंद तणतणत आला. "अण्णा जायची वाट बघत हुता का?" म्हणाला.

वाट पाहत नव्हतो, मामा. पण तुम्ही गेलात तेव्हा रडता रडता कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. ते आठवलं की अजून जेवण जात नाही.

काल मिलिंदने सुनंदाला तिकडेच थांबायला सांगितलं होतं. मला वाटलं, थांबेल. संध्याकाळच्या गाडीने ती परत आली. पिशवी ठेवली आणि म्हणाली, "वाचलं मी. मिलिंदनी कागद दिले."

"मग?"

"तुमाला भ्या वाटलं, तुमी एकटं पडला, समदं हाय त्यात. मी कुठं हाय? 'बायकोला हे माहीत आहे.' एवढ्यात बसले का मी?"

मी पाणी पुढे केलं, तिने ते बाजूला ठेवलं.

"दवाखान्यात मी गेले. मूल का न्हाई, ते लोकांनी मला इचारलं. तेबी येऊ द्या. मी सांगते, तुमी टाइप करा."

"आणि तुला जायचं असेल तर?"

"तर तेबी सांगीन. अजून ठरलं न्हाई माझं."

आज ती दुकानात येणार आहे. एवढी भीती मला स्वतःचं लिहिताना वाटली नव्हती.

मामा, तुम्हाला दिलेला शब्द तुमच्याबरोबर संपला. आता हा घ्या. ती सांगेल त्यातलं मी एक अक्षर बदलणार नाही. मी बरा दिसावा म्हणून काही घालणार नाही, वाईट दिसतो म्हणून काही गाळणार नाही. ती जाते म्हणाली, तर तेही टाइप करीन. मग तिची पिशवी उचलून तिला स्टँडवर सोडायला जाईन, आणि थांब म्हणणार नाही.

अजून तरी तुमचा जावई,
प्रकाश